साक्रीच्या माळावर बॅटरीचे कंटेनर येणार म्हणे. लाईट कुणाला मिळणार?

पांझराकाठ
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय तांत्रिक आहे, पण घरचाच आहे.

मी साक्री तालुक्यातला. नोकरीला नाशिकला, आई-वडील गावी. सात एकर जमीन, त्यातली चार काळी, तीन नुसता मुरूम. मागच्या पंधरवड्यात एक माणूस गाडी घेऊन आला, सबस्टेशनला लागून असलेला आमचा मुरमाचा तुकडा फिरून पाहिला, मोबाइलवर फोटो काढले आणि वडिलांना म्हणाला, "नाना, इथे बॅटरीचा प्रोजेक्ट बसतो, जमीन भाड्याने द्या." कंपनी कोणती ते सांगितलं नाही. कार्डावर नाव आणि नंबर, बस.

तेव्हापासून पारावर दुसरा विषय नाही. एक म्हणतो आता चोवीस तास लाईट. दुसरा म्हणतो, मोबाइल फुटतो तशी ही फुटली तर अर्धं गाव जाईल. तिसऱ्याला वाटतंय की कंटेनरमध्ये ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या ओळीने मांडणार आणि त्यात डिस्टिल वॉटर टाकायचं काम गावातल्या पोरांना मिळणार.

माझा प्रश्न वेगळा आहे. ब्राह्मणवेलच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या बघत आम्ही मोठे झालो. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. वारा इथला, ऊन इथलं, जमीनही इथलीच. आणि संध्याकाळी सातला भाकरी तव्यावर असताना लाईट जाते तीही इथलीच. बॅटरी आली तर यात काय बदलेल? साध्या भाषेत सांगा.

केळीवाला_रावेर
बाकीचं मला कळत नाही. रात्रपाळीची लाईट बंद होणार का, एवढंच सांगा. थ्री फेज रात्री बारानंतर येते. बॅटरी घेऊन मळ्यात जायचं, म्हणजे हातातली बॅटरी बरं का, आणि मागून कुणी येतंय का ते बघत वाल फिरवायचे. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात बिबट्या काही नवीन राहिला नाही. मे महिन्यात केळीची पाण्याची पाळी चुकवता येत नाही, म्हणून जावंच लागतं. तुझ्याकडे जागा नसेल तर सांग, तो कंटेनर माझ्या बांधावर ठेवा. भाडंसुद्धा नको.

निवृत्त_ऑपरेटर
भुसावळजवळच्या दीपनगर कोळसा-वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य गेलं. २१० मेगावॅटच्या संचावर (वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) सुरुवात केली, ५०० च्या संचावरून निवृत्त झालो. म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

पहिली गोष्ट, बॅटरी वीज तयार करत नाही. हे पारावर मोठ्याने वाचून दाखवा. दुपारी एकला घेतलेली वीज ती रात्री आठला देते, आणि मधे हमाली कापून घेते. शंभर युनिट भरले तर पंच्याऐंशीच्या आसपास परत मिळतात.

मग एवढा खटाटोप कशाला? तारांमध्ये वीज साठत नाही म्हणून. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. तोल गेला की फ्रिक्वेन्सी हलते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढ्या फटीत धरून ठेवायची असते. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड, म्हणजे वीजतारांचं जाळं, कोसळलं, आपलं पश्चिम ग्रीड वाचलं. आपण तेव्हा उत्तरेला वीज देत होतो. ती वाट एकदम तुटली आणि इकडे फ्रिक्वेन्सी भसकन वर गेली. त्या दुपारी समोर ठेवलेला चहा कुणी उचलला नाही.

आता दुखणं वेगळं आहे. दुपारी सौर वीज इतकी येते की लोड डिस्पॅचकडून, म्हणजे विजेची मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या केंद्राकडून, निरोप येतो, संच खाली आणा. ५५ टक्क्यांपर्यंत आणता येतो. त्याखाली भट्टीतली ज्योत डळमळते, आधाराला तेल जाळावं लागतं. सूर्य कलला की तीच माणसं म्हणतात, चढवा, चढवा. सूर्य मावळायची वेळ आणि घरोघर दिवे, पंखे, टीव्ही लागायची वेळ एकच. बॉयलर म्हणजे रिक्षा नव्हे, किक मारली आणि निघाली. थंड पडलेला संच पूर्ण भारावर यायला आठ-दहा तास जातात. बॅटरी तेच काम पापणी लवायच्या आत करते.

उदाहरण देतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०१६ मध्ये सगळं राज्य अंधारात गेलं. त्यानंतर २०१७ अखेर हॉर्न्सडेलला त्यांनी १०० मेगावॅटची बॅटरी बसवली. महिनाही झाला नव्हता तोच दुसऱ्या राज्यातला, सुमारे हजार किलोमीटर लांबचा, ५६० मेगावॅटचा कोळशाचा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला. बाकीची केंद्रं जागी व्हायच्या आत या बॅटरीने सात मेगावॅटच्या आसपास वीज तारांमध्ये सोडली होती. सात म्हणजे समुद्रात लोटा. पण किती झटकन दिली ते बघा. हे वाचलं तेव्हा माझ्यासारख्या कोळशाच्या माणसाला जरा टोचलं, खोटं कशाला बोलू.

शेवटचं. मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांत गल्लत करू नका. मोटर किती एचपीची हा एक आकडा, विहिरीत किती परस पाणी हा दुसरा. छत्तीसगडात राजनांदगावला सौर प्रकल्पासोबत ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तासांची बॅटरी २०२४ मध्ये लागली. पूर्ण जोराने उपसली तर तीन तासांत विहीर कोरडी.

आडवा_प्रश्न
काका, माहिती चांगली. पण गुलाबी रंग जरा जास्त झाला. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला काय झालं तेही सांगा की. ३०० मेगावॅटची बॅटरी पेटली, आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. इथे मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ अंशांवर जातं, डांबर वितळतं. तिथे हे डबे ठेवणार? शिवाय सेल चीनचे. कोळसा निदान आपला तरी आहे.

तापीची_लेक
आडवा_प्रश्न, प्रश्न आडवा नाही, सरळच आहे. मी मूळची चोपड्याची, सध्या पुण्यात याच कामात आहे. ग्रीडला लागणाऱ्या बॅटऱ्यांचं डिझाइन.

मॉस लँडिंगचे सेल निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचे होते आणि हजारो सेल जुन्या वीजकेंद्राच्या एकाच बंद इमारतीत ठेवले होते. एक पेटला की शेजारी पेटायला वाट मोकळी. आता ग्रीडच्या कामाला बहुतेक ठिकाणी लोह-फॉस्फेट जातीचे सेल घेतात. ते तापून आटोक्याबाहेर जायला जास्त तापमान लागतं आणि गेले तरी आग तेवढी आक्रस्ताळी नसते. कंटेनर उघड्यावर, एकमेकांपासून अंतर सोडून ठेवतात, म्हणजे एक गेला तरी बाकीचे वाचावेत. 'पेटतच नाही' असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पेटते. पेटल्यावर बराच वेळ धुमसते, विझली वाटली तरी पुन्हा भडकते आणि धूर विषारी असतो. म्हणून घरं किती लांब आहेत, पाणी किती आहे, अग्निशमनची गाडी कुठून आणि किती वेळात येणार, हे आधी विचारायचं.

उन्हाचं म्हणणं शंभर टक्के खरं. सेलला साधारण २५ अंशांचं हवामान मानवतं, माणसासारखंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतून पाणी आणि कूलंट फिरवून त्यांना थंड ठेवावं लागतं आणि त्यासाठी लागणारी वीजही त्याच गल्ल्यातून जाते. गंमत म्हणजे भरायची वेळ दुपारचीच, ऊन सर्वांत कडक असतानाची. खान्देशात बॅटरी उभी करणं आणि युरोपात उभी करणं यात हाच फरक. थंडाव्यात कंजुषी केली तर पंधरा वर्षांची बॅटरी दहाव्या वर्षीच म्हातारी होते.

चीनचं म्हणाल तर नाकारत नाही. सेल बहुतांश तिकडूनच येतात.

पांझराकाठ
ताई, धन्यवाद. अग्निशमनचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे गाडी यायची तर साक्रीहून.

भावाचं काय? परवडतं का हे? का अनुदान संपलं की कंटेनर गंजत पडणार?

तापीची_लेक
भाव हीच तर खरी बातमी आहे. या बॅटऱ्या भाड्याने घेतात. निविदेत दर लागतो तो प्रत्येक मेगावॅटमागे महिन्याला किती. २०२२ च्या केंद्राच्या मोठ्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीला १० लाख ८४ हजार रुपये लागला होता. २०२४ संपेपर्यंत, केंद्राचं अनुदान धरून, तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला.

याचा हिशेब घरच्या युनिटमध्ये मांडू. एक मेगावॅट, दोन तास, म्हणजे दिवसाला दोन हजार युनिट. रोज एकदाच भरून रिकामी केली तर महिन्याला साठ हजार. जुन्या दराने नुसतं ठेवणावळीचं भाडं युनिटला १८ रुपये. २०२४ च्या दराने पावणेचारच्या आत. दुपारची सौर वीज अडीच रुपयांना धरली, तिच्यात हमालीची पंधरा टक्के तूट मिळवली, तर संध्याकाळचं युनिट साडेसहा रुपयांच्या आसपास पडतं. स्वस्त नाही. पण संध्याकाळी सात ते दहा या वेळेत बाजारातून वीज घ्यायची तर तीही स्वस्त नसते.

अनुदानाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने पहिली योजना मंजूर केली, ४,००० मेगावॅट-तासांची, भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत. तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा भाव फार वेगाने पडले.

खापरावरची
अवांतर: हमाली, ठेवणावळ, विहीर, परस... हा धागा वाचून मला पहिल्यांदा वीज कळली. शाळेत असं का नाही शिकवलं?

साधा_वायरमन
मी लाईनवर काम करतो, कुठे ते विचारू नका. इंजिनीअर ताईंचं आणि काकांचं सगळं खरं. पण पांझराकाठ भाऊ, तुमच्या गावात सातला लाईट जाते ती ग्रीडमध्ये वीज नाही म्हणून जाते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मी खांबावर चढतो तेव्हा काय दिसतं ते सांगतो. १०० केव्हीएची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, तिच्यावर कागदावर जेवढे पंप, त्याहून दीडपट जोडलेले. वर चोरून टाकलेले आकडे. संध्याकाळी सगळ्यांचा लोड एकदम आला की ड्रॉप-आऊट, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो. लोक फ्यूजच्या जागी जाड तार अडकवतात, मग फ्यूज उडत नाही, डीपी जळते. डीपीतलं तेल कमी झालेलं असतं, कधी चोरीला गेलेलं असतं. पावसाळ्यात बाभळीची फांदी तारेवर येते. गेल्या वर्षभरात माझ्या भागात जेवढ्या वेळा लाईट गेली, त्यातल्या किती वेळा वरूनच वीज नव्हती? बोटांवर मोजण्याइतक्या.

आता सबस्टेशनच्या वरच्या बाजूला, हाय व्होल्टेजला पन्नास कंटेनर लावले तरी तुमच्या गल्लीतला ड्रॉप-आऊट उडायचा तो उडणारच. विहीर काठोकाठ भरली म्हणून फुटलेला पाइप जोडला जात नाही.

बॅटरी खाली, ११ केव्हीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनातून गावांकडे येणाऱ्या लाइनला लावली तर मात्र थोडा फरक पडेल. फीडरच्या टोकाच्या गावात व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूब लुकलुकते, पंखा बघून दम लागतो. तिथे संध्याकाळी खालूनच वीज मिळाली तर वरच्या लाइनवरचा ताण कमी होईल. तेही डीपी धड असेल तर.

निवृत्त_ऑपरेटर
वायरमन दादा, नमस्कार घ्या. आम्ही आयुष्यभर ५० हर्ट्झ सांभाळले आणि शेवटच्या खांबावर काय चालतं ते बघायला कधी गेलो नाही.

तुमच्या 'खाली लावा' या म्हणण्याला दिल्लीत दाखला आहे. रोहिणीला २०१९ मध्ये देशातली पहिली १० मेगावॅटची ग्रीड-बॅटरी बसली. २०२५ मध्ये किलोकरीच्या सबस्टेशनात २० मेगावॅट, ४० मेगावॅट-तासांची आली. दोन्ही वितरणाच्या जाळ्यात, गिऱ्हाइकाच्या जवळ. आपल्याकडे धुळ्याच्या ७६५ केव्ही उपकेंद्रातही सौर पॅनेलसोबत एक छोटी बॅटरी आहे, पण ती उपकेंद्राची स्वतःची गरज भागवायला.

केळीवाला_रावेर
माझा प्रश्न राहिलाच. बिबट्याचं काय?

तापीची_लेक
दादा, तुमच्यासाठी आकडेमोड केली.

हल्ली एका वीस फुटी कंटेनरमध्ये पाच मेगावॅट-तासांच्या आसपास वीज मावते. हातात साडेचार हजार युनिट आले असं धरू. पाच एचपीचा पंप आठ तास चालला तर ३० ते ३५ युनिट खातो. म्हणजे एक कंटेनर एका रात्रीत १३०-१४० पंप चालवेल आणि सकाळी रिकामा होईल. तेच साडेचार हजार युनिट गावठाण फीडरला, म्हणजे घरांच्या लाइनला दिले तर? चारशे घरांचं गाव, घरामागे अर्धा किलोवॅट, सात ते अकरा. आठशे युनिट. पाच गावांची संध्याकाळ निघते आणि वर थोडी उरते.

म्हणून मला स्पष्ट वाटतं की शेतीच्या पंपासाठी लिथियमची बॅटरी ही उधळपट्टी आहे. पंपाला रात्री वीज हवी असं पिकाने कधीच सांगितलं नव्हतं. कोळशाच्या संचांना रात्री गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून तुम्हाला रात्री उठवलं. ऊन असताना पंप चालवा. वीज साठवायचीच असेल तर पाणी करून साठवा. तुमचं शेततळं हीच तुमची बॅटरी. तिला चीन लागत नाही, आग लागत नाही. बाष्पीभवन होतं, तेवढी हमाली सोसायची.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून याच तत्त्वावर चालू आहे. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प, आणि शेतीचा फीडर त्यावर दिवसा. तुमचा फीडर त्यात आला की नाही ते बघा. बिबट्याचा इलाज तिथे आहे, कंटेनरमध्ये नाही.

केळीवाला_रावेर
कोळशाला गिऱ्हाईक हवं होतं म्हणून आम्हाला उठवलं! तीस वर्षं मला वाटत होतं की सरकारला आमची झोप बघवत नाही.

बांधावरची जागा परत घेतली. शेततळ्याचा कागद फाटलाय, आधी तो बदलतो.

निवृत्त_ऑपरेटर
कबूल. रात्री दोनला लोड पडायचा तेव्हा शेतीचा लोड आमचा आधार होता. कुणाची झोप जाते आहे हा विचार पॅनेलसमोर येत नसे.

आडवा_प्रश्न
मग पवनचक्क्यांचं काय? साक्रीत वारा खरा वाहतो जून ते सप्टेंबर. तेव्हा शेतीला पाणी नको, पंखे कमी. तो वारा साठवून एप्रिल-मे मध्ये वापरता आला तर मी मानलं.

तापीची_लेक
ते नाही जमणार. ही बॅटरी दोन-चार तासांची गोष्ट आहे, दुपार ते रात्र. पावसाळ्यातला वारा उन्हाळ्यापर्यंत धरायचा तर बॅटरी वर्षात एकदाच भरेल आणि एकदाच रिकामी होईल. वर युनिटला पावणेचार रुपये आले ते रोज वापरली म्हणून. वर्षातून एकदा वापरली तर भागिले ३६५ होणार नाही, मग भाव तुम्हीच काढा.

घाटमाथा
डोंगरातली बॅटरी विसरू नका. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. वीज जास्त असली की खालचं पाणी वर चढवायचं, गरज पडली की त्याच पाण्यावर जनित्र फिरवायचं. हिशेब तोच, भांडं वेगळं. बांधायला वर्षं जातात, पण एकदा झालं की पिढ्या चालतं. सह्याद्रीला तो कडा आयता मिळालाय. धुळ्याच्या माळावर कंटेनर बरे, वर्षा-दीड वर्षात उभे राहतात.

साधा_वायरमन
पांझराकाठ भाऊ, जमिनीचं काय ठरलं? माझ्या ओळखीत एकाने पवनचक्कीला रस्त्यासाठी पट्टा दिला होता. करार इंग्रजीत. अजून वाचून झाला नाही म्हणे.

पांझराकाठ
सगळ्यांचे आभार. हा धागा प्रिंट काढून गावी नेला. वडिलांना वाचून दाखवला, पारावरही वाचला. डिस्टिल वॉटरवाला जरा नाराज झाला.

नानांचं म्हणणं, काळी जमीन द्यायची नाही, त्यावर चर्चाच नको. मुरमाच्या तीन एकरांत वर्षाला बाजरीची दोन पोती होतात, ती द्यायला हरकत नाही. पण विकायची नाही, भाड्यानेच. सौर कृषी वाहिनीत सरकार हेक्टरला वर्षाला सव्वा लाख आणि दरसाल तीन टक्के वाढ देतं. त्याच्या खाली बोलणंच नाही.

काल त्या माणसाला फोन करून पाच प्रश्न विचारले. कंपनीचं नाव काय. बॅटरी वरच्या व्होल्टेजला जोडणार की आमच्या फीडरला. गावातलं शेवटचं घर किती मीटरवर येईल आणि आग लागली तर पाणी कुठलं. कराराच्या काळात सातबाऱ्यावर इतर हक्कात काय चढणार, त्यावर ते कर्ज काढणार का. आणि पंधरा वर्षांनी मेलेल्या बॅटऱ्या कोण उचलून नेणार, ते लिहून देणार का.

पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याला म्हणाला, वरच्या, २२० केव्हीला. म्हणजे वायरमन दादा म्हणाले तेच. उरलेल्या तिन्हींना, "साहेबांना विचारून सांगतो."

गावी होतो तेव्हा सातला लाईट गेली होतीच. आई म्हणाली, "लाईटना काई भरोसा नई शे," आणि चुलीच्या उजेडात भाकरी उलटवली. मी डीपीपाशी जाऊन आलो. तेलाची काच तळाला टेकली आहे. फोटो काढलाय, उद्या अर्जासोबत देतो.

साधा_वायरमन
अर्जाची पोच घ्या. शिक्का मारलेली.